जिन्यातल्या जुन्या लाद्या: उखडायच्या आधी एवढं करून बघा

सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणीतरी व्हिट्रिफाइड टाइल्सचं कोटेशन पुढे करतं आणि बाकीचे माना डोलावतात. जिना काळवंडलेला असतो, लँडिंगवरच्या दोन-चार लाद्या पायाखाली हलत असतात, पायऱ्यांच्या कडा उडालेल्या असतात. ‘जुनं झालं, काढून टाकू’ असा सूर लागतो. तुमच्या इमारतीत ही वेळ आली असेल तर ठराव पास होण्याआधी हात वर करा आणि एकाच लँडिंगवर नमुना करून दाखवायची परवानगी मागा. बहुतेक वेळा ती लादी झिजलेली नसते. तिच्यावर कित्येक वर्षांचं मेण, फिनेल, रंगाचे थेंब आणि ॲसिडचे डाग बसलेले असतात.

आमची इमारत दादरच्या हिंदू कॉलनीतली, तळमजला अधिक तीन मजले, 1930च्या दशकातली. 1896च्या प्लेगनंतर मुंबईत 1898 साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, त्याने दादर-माटुंग्याची आखणी केली. तिच्यातून उभ्या राहिलेल्या शेकडो इमारतींपैकी ही एक. खाली प्रवेशाच्या पॅसेजला आणि प्रत्येक लँडिंगला डिझाइनच्या लाद्या आहेत, पिवळसर जमिनीवर तांबडा-हिरवा नक्षीपट्टा. पायऱ्या जागेवर ओतलेल्या मोझॅकच्या. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवत असे, निवृत्तीनंतर कमिटीत आले आणि जिन्याचं काम माझ्याकडे आलं. खाली लिहिते आहे ते आमच्या मिस्त्रींकडून शिकलेलं, वाचून पडताळलेलं आणि आमच्या जिन्यावर केलेलं आहे.

नवी टाइल का नको, हे आधी सभासदांना सांगावं लागतं. ‘हेरिटेज आहे’ म्हणून कुणी ऐकत नाही. उंची आणि वजन सांगितलं की ऐकतात. जुन्या लादीवर मसाला आणि टाइल टाकली की पातळी साधारण सव्वा इंच वाढते. मग जिन्याची सगळ्यात खालची पायरी तेवढी उंच होते, आणि जिथे नवं काम संपून जुनी पातळी लागते तिथली पायरी तेवढीच बुटकी. माणूस जिना डोळ्यांनी चढत नाही, सवयीने चढतो. एका पायरीची उंची बदलली की तिथे पाय अडखळतो, आणि अडखळणारे बहुधा सत्तरीच्या पुढचेच असतात. शिवाय घराघरांचे उंबरठे बुडतात, दारं खालून कापावी लागतात. वजन म्हणाल तर मसाला आणि टाइल मिळून चौरस मीटरला 50 ते 60 किलो सहज भरतं. लोखंडी तुळयांवरच्या जुन्या स्लॅबवर एवढं ओझं विनाकारण कशाला चढवायचं? आणि पावसाळ्यात ओल्या चपलांनी गुळगुळीत टाइलवर चढणं किती धोक्याचं असतं हे मुंबईकरांना वेगळं सांगायला नको.

आधी लादी ओळखा

सगळं काम या एका गोष्टीवर अवलंबून आहे, म्हणून इथे घाई करू नका. आपण सरसकट ‘मोझॅक’ म्हणतो त्यात निदान दोन वेगळ्या वस्तू असतात.

एक म्हणजे डिझाइनची सिमेंट लादी. ही भट्टीत भाजलेली नसते. लोखंडी साच्यात, पितळी पट्ट्यांच्या जाळीत वेगवेगळ्या रंगांचं पातळ मिश्रण ओततात. त्यात पांढरं सिमेंट, संगमरवराची भुकटी आणि खनिज रंग असतो. जाळी अलगद उचलून मागे साधं सिमेंट-रेती भरतात, दाबयंत्रात दाबतात आणि मग पाण्यात मुरवतात. मुंबईत भारत टाइल्स ही कंपनी 1922 साली स्वदेशीच्या भरात सुरू झाली ती अशाच लाद्या बनवायला, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालाला इथला पर्याय द्यायला. या लादीचा रंगीत थर भाकरीच्या पापुद्र्यासारखा पातळ असतो, जेमतेम 3-4 मिलिमीटर. त्याखाली राखाडी सिमेंट. तुटलेल्या लादीची कड बघितलीत तर दोन थर स्पष्ट दिसतात. नक्षी त्या वरच्या थरातच आहे. तो गेला की डिझाइन गेलं, आणि कुठलंही पॉलिश ते परत आणत नाही.

दुसरी वस्तू म्हणजे चिप्सची मोझॅक. संगमरवराचे बारीक तुकडे सिमेंटमध्ये कालवून ओततात, सुकलं की दगडाने घासतात. कधी ती लादीच्या रूपात असते, कधी जागेवरच ओतलेली. चिप्सचा थर चांगला जाड असतो आणि घासलं की खालून तशाच चिप्स वर येतात. म्हणून मोझॅकला मशीन चालतं. डिझाइनच्या लादीवर जाड दाण्याचं मशीन फिरवलं की एका दुपारीत नक्षी पुसट होते. पॉलिशवाल्याला हा फरक तुम्हीच दाखवून द्या, कारण तो चौरस फुटाचा दर लावतो आणि सगळीकडे तेच मशीन फिरवायची त्याला सवय असते.

तिसराही प्रकार क्वचित भेटतो. राणीच्या बागेतल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात पायाखाली आहेत तशा इंग्लंडहून आलेल्या मिंटन लाद्या. त्या भाजलेल्या मातीच्या, फार कठीण. तुमच्या इमारतीत त्या असतील तर खालचं निम्मं तुम्हाला लागू नाही. जतनकाम करणाऱ्या वास्तुविशारदाला बोलवा.

शंका असेल तर एक सोपी चाचणी आहे. धुऊन सुकवलेल्या लादीवर पाण्याचा थेंब टाका. सिमेंट लादी तो हळूहळू पिते आणि तिथे रंग गडद होतो. भाजलेल्या कठीण लादीवर थेंब तसाच बसून राहतो. फक्त आधी मेणाचा थर निघालेला असला पाहिजे, नाहीतर थेंब मेणावरच बसतो.

परवानगी, आणि पाणी

जिना सगळ्यांचा असतो. सहकारी सोसायटी असेल तर सर्वसाधारण सभेचा ठराव घ्या. पागडीची इमारत असेल तर मालकाला लेखी कळवा. उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतीत म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाचं काही काम चालू किंवा ठरलेलं आहे का ते आधी विचारा, कारण तुम्ही लाद्या बसवायच्या आणि पुढच्या महिन्यात त्यावर टेकूचे खांब उभे राहायचे, असं व्हायला नको. इमारत वारसायादीत असेल तर महापालिकेच्या वारसा विभागात विचारल्याशिवाय काहीही हलवू नका.

कोटेशन मागताना एकच दर मागू नका. सफाई वेगळी, लादी उचलून बसवणं दर लादीमागे, पायरीची कड दर फुटामागे आणि मोझॅकचं पॉलिश चौरस फुटामागे, असे चार वेगळे आकडे घ्या. असं केलं की ‘सगळंच काढून टाका’ हा सल्ला आपोआप कमी होतो. शेवटचा हप्ता पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवा आणि हे करारात आधीच लिहा.

मात्र लादीला हात लावायच्या आधी पाणी थांबलं पाहिजे. लँडिंगच्या भिंतीतला गळका पाइप, गच्चीवरून उतरणारी ओल, तळमजल्यावर जमिनीतून चढणारा ओलावा हे सगळं लादीतूनच बाहेर पडतं आणि जाताना पांढरा लोणा, म्हणजे क्षारांचा थर, मागे ठेवतं. तो लोणा ॲसिडने घालवायचा प्रयत्न करणारे बरेच भेटतात. कोरड्या ब्रशने झाडा, ओला फडका मारा, पण कारण शोधा. प्लंबरचं काम आधी, मिस्त्रींचं नंतर. काम दिवाळीनंतर सुरू करा. डिसेंबर ते फेब्रुवारीत हवा कोरडी असते, लादी आतपर्यंत सुकते आणि शेवटी लावायचं तेल नीट मुरतं.

मोजणी

खडू आणि जुना रुपया घेऊन खालपासून वर जा. प्रत्येक लादीवर नाण्याने टकटक करा. घट्ट बसलेली लादी खणखणीत बोलते, सुटलेली भद्द आवाज देते. सुटलेलीवर गोल काढा, तुटलेलीवर फुली, नुसत्या मळलेलीवर काहीच नाही. मग फोटो काढा आणि एका कागदावर लँडिंगचा नकाशा करा. आमच्याकडे हे झाल्यावर सगळ्यांनाच कळलं की फुल्या अगदी थोड्या होत्या. मीटिंगमधलं वातावरण तिथेच बदललं.

त्याच फेरीत सुट्या लाद्या शोधा. जुन्या इमारतीत त्या असतातच. मीटरच्या कपाटाखाली, जिन्याखालच्या अडगळीत, गच्चीच्या टाकीशेजारी, बंद झालेल्या सामाईक संडासाच्या जमिनीत. ज्या लाद्या कुणाला दिसत नाहीत त्या उचलून दर्शनी जागी बसवायच्या आणि कपाटाखाली साधा कोबा करायचा, हा जतनकामातला फार जुना आणि फार चांगला नियम आहे. शेजारच्या इमारतीचा पुनर्विकास होत असेल तर पाडकामाच्या कंत्राटदाराला गाठा. त्या काळात तीच डिझाइनं आसपासच्या अनेक इमारतींत वापरली जात. आमच्या तिसऱ्या लँडिंगचा पट्टा असाच पुरा झाला.

एवढं करूनही कमी पडल्या तर नव्या करून मिळतात. हाताने लादी घडवणारे कारखाने आजही आहेत. फोटो पाठवू नका, अखंड जुनी लादी पाठवा आणि तिची जाडी मोजून कळवा. जुन्या लाद्या बहुधा 8 इंची चौरस असतात. नवी लादी जुनीपेक्षा पाव इंच जास्त जाड निघाली तर खालचा थर तेवढा खरवडावा लागेल, हे मिस्त्रींना आधी माहीत हवं. तामिळनाडूच्या चेट्टिनाड भागातल्या आत्तंगुडी लाद्या दिसायला जवळच्या वाटतात, पण त्या काचेवर हाताने ओततात, दाबयंत्रात दाबत नाहीत. जिन्याच्या वर्दळीत जुन्या दाबलेल्या लादीशेजारी बसवण्यासाठी मी त्या निवडणार नाही.

सफाई: ॲसिड नको, काहीही झालं तरी नको

याबद्दल मी जरा आग्रहाने बोलते. बाथरूम धुवायचं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड. सिमेंट आणि संगमरवर दोन्हींत कॅल्शियमची संयुगं असतात. ॲसिड पडलं की फेस येतो, आणि तो फेस म्हणजे तुमची लादी विरघळते आहे. मळ निघाल्यासारखा वाटतो कारण मळाखालचा पृष्ठभागच निघून आलेला असतो. रंगाचे कण ज्याने धरून ठेवलेत ते सिमेंट गेलं की पुढच्या पोछ्याबरोबर रंगही जातो. खरखरीत झालेली लादी मग दुप्पट वेगाने मळते, म्हणून पुन्हा ॲसिड. लिंबू, व्हिनेगर, चिंचेचं पाणी ही सौम्य आम्लं आहेत, पण परिणाम तोच.

सफाईचा क्रम असा. आधी कोरडं झाडा, मऊ ब्रशच्या व्हॅक्यूमने सांध्यांतली माती ओढून घ्या. रंगाचे आणि सिमेंटचे वाळलेले थेंब लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने तिरकस धरून उडवा. लोखंडी पत्र्याने ओरखडे पडतात आणि ते कायमचे. मग मेण. मिनरल टर्पेंटाइन फडक्यावर घेऊन छोट्या भागात चोळा आणि लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपा. जिन्याच्या खिडक्या उघड्या ठेवा आणि त्या वेळात कुणी देवापुढे दिवा किंवा उदबत्ती लावणार नाही हे मजल्या-मजल्यावर सांगून या. टर्पेंटाइनचे फडके त्याच दिवशी इमारतीबाहेर न्या.

मेण निघालं की धुण्याचा सोडा कोमट पाण्यात, बादलीला दोन मोठे चमचे. नारळाच्या काथ्याने किंवा नायलॉनच्या ब्रशने गोल गोल घासा, घाण पाणी तिथेच न सुकवता स्पंजने उचला, आणि स्वच्छ पाण्याने दोनदा पुसा. तारेची घासणी वापरू नका. तिचे तुकडे सांध्यात अडकतात आणि गंजून तांबडे ठिपके देतात.

इथे एक गंमतीची पण घाबरवणारी गोष्ट होते. उंबरठ्यापुढे वर्षानुवर्षं हळद सांडलेली असते. सोड्याचं पाणी लागताच ती जागा लालभडक होते. हळद अल्कलीत लाल होते, हळदीत चुना घालून कुंकू करतात ते याच गुणावर. लादी बिघडलेली नाही. पाण्याने पुसून घ्या, मग केमिस्टकडचं 6 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड खडूच्या भुकटीत कालवून त्याचा लेप लावा, वर प्लॅस्टिक ठेवा, दुसऱ्या दिवशी काढा. उन्हाची तिरीप येणारी जागा असेल तर उरलेला पिवळेपणा ऊनच घालवतं. पानाच्या पिचकारीलाही हाच लेप, मात्र तिथे दोन-तीनदा द्यावा लागतो.

तेलाचे डाग वेगळे. दिवाळीत दारापुढे पणत्या ठेवून ठेवून प्रत्येक दारापुढे काळे गोल उमटलेले असतात. खडूची भुकटी किंवा मुलतानी माती मिनरल टर्पेंटाइनमध्ये कालवून अर्धा इंच जाड थापा, प्लॅस्टिकने झाका, कडा चिकटपट्टीने बंद करा. एक दिवस तसंच ठेवा, मग प्लॅस्टिक काढून लेप पूर्ण सुकू द्या. सुकताना तो तेल वर ओढून घेतो. जुना डाग एका लेपात जात नाही. दर लेपाला थोडा फिका होतो, आणि पुरेसा फिका झाला की थांबायचं.

गंजाचे डाग कुंड्यांच्या स्टँडखाली आणि गॅसच्या सिलिंडरखाली हमखास. त्यांच्यासाठी ऑक्झॅलिक ॲसिड सुचवतात. डिझाइनच्या लादीवर ते नको. 1 भाग सोडियम सायट्रेट 6 भाग पाण्यात विरघळवा, तेवढंच ग्लिसरीन घाला आणि खडूच्या भुकटीत कालवून लेप करा. सायट्रेट लोहाला धरून ठेवतं आणि लादीला इजा करत नाही. काम सावकाश होतं, पण होतं.

सुटलेल्या लाद्या

हलणारी लादी उचलायला सांधा मोकळा करावा लागतो. हॅकसॉचं पातं हातात धरून सांध्यात पुढे-मागे चालवा. ग्राइंडर लावला की शेजारच्या लादीची कड उडालीच समजा. सुरुवात तुटलेल्या लादीपासून करा. ती मधून फोडून काढली की शेजारच्या अखंड लादीखाली बाजूने चपटी छिन्नी सरकवता येते. जुन्या इमारतीत खाली चुन्याचा थर असतो, म्हणून लादी बहुधा शहाणपणाने सुटून येते. आधी कुणी दुरुस्ती करून सिमेंटमध्ये गच्च बसवलेली लादी मात्र तुकड्यांतच निघते.

त्याच कारणासाठी नव्याने बसवताना नुसतं सिमेंट वापरू नका. पुढच्या पिढीला ती पुन्हा उचलावी लागेल. भिजवून मुरवलेला चुना 1 भाग, सुरखी म्हणजे विटांची भुकटी 1 भाग, धुतलेली रेती 2 भाग, हा मसाला उत्तम. जिना जास्त दिवस बंद ठेवता येत नसेल तर 1 भाग सिमेंट, 2 भाग चुना, 9 भाग रेती घ्या. आमच्या मिस्त्रींनी हेच सुचवलं आणि ते पटलं, कारण वर जाणारी वाट एकच आहे. मसाल्यात समुद्राची रेती येऊ देऊ नका, तिच्यातलं मीठ पुढे लोणा होऊन वर येतं.

लादीची पाठ खरवडून ओली करा, खालचा थरही ओला करा. शेजारच्या चार लाद्यांवर पाणसळ ठेवा आणि लाकडी हातोडीने हलके ठोकत नवी लादी त्याच पातळीला आणा. नक्षीची दिशा ठोकण्याआधी तपासा. चार लाद्या मिळून एक फूल होणारं डिझाइन असेल तर एक लादी फिरली तरी फूल मोडतं, आणि ते रोज दिसतं. सांधे जुन्याइतकेच बारीक ठेवा. पांढरं सिमेंट आणि थोडा खनिज रंग पातळ कालवून सांध्यात भरा, वर सांडलेलं ओल्या स्पंजने त्याच क्षणी पुसा. सुकल्यावर ते काढायला लोक पुन्हा ॲसिडची बाटली आणतात.

ओलावा टिकवायला गोणपाट टाकतात. नवं गोणपाट आधी दोन-तीन पाण्यातून धुवा, नाहीतर त्याचा तपकिरी रंग लादीत उतरतो. चालण्यासाठी आठवडाभर वर प्लायवुडचे तक्ते ठेवा, म्हणजे पावलाचं वजन एका लादीवर न येता पसरतं.

कोपरा उडालेली लादी काढू नका, भरा. पांढरं सिमेंट, संगमरवराची भुकटी आणि सिमेंटमध्ये टिकणारे खनिज रंग घ्या. तांबड्या-पिवळ्या-काळ्यासाठी आयर्न ऑक्साइड, हिरव्यासाठी क्रोमियम ऑक्साइड. रांगोळीचे रंग किंवा भिंतीच्या रंगाची ट्यूब चालत नाही. जुळवणी ओल्या मिश्रणावर ठरवू नका, सुकल्यावर ते बरंच फिकं होतं. पुठ्ठ्यावर पाच-सहा नमुन्यांच्या टिकल्या करा, प्रत्येकीखाली प्रमाण लिहा, आठवडाभर सुकू द्या आणि मग जिन्यावर नेऊन तिथल्याच उजेडात लादीशेजारी धरून निवडा.

मोझॅकच्या पायऱ्या

पायरीची उडालेली कड आधी चौकोनी कापून घ्या, निदान एक इंच खोल. उतरत्या कडेवर भरलेला मसाला टिकत नाही. आत स्टेनलेस स्टीलच्या दोन-तीन खिळ्या बसवा, पुढून लाकडी फळी लावा. 3 भाग सिमेंटला 1 भाग संगमरवराची भुकटी आणि या मिश्रणाच्या दीड ते पावणेदोन पट चिप्स. चिप्स निवडताना जुन्या पायरीची ओली केलेली कड समोर ठेवा. आकार आणि रंगांचं प्रमाण दोन्ही जुळायला हवं, आणि यातच मिस्त्रींचा हात दिसतो. मसाला दाबून भरा, वर चिप्स दिसतील एवढ्या थापीने बसवा, आठवडाभर ओलं ठेवा.

घासाई नेहमी पाण्याबरोबर. कोरड्या घासाईतून उडणारी धूळ फुप्फुसात जाते, आणि आमच्यासारख्या बंद जिन्यात ती तळमजल्यापासून गच्चीपर्यंत भरते. पाणी आणि वीज एकत्र येतात म्हणून मशीनची वायर ईएलसीबी (वीज गळताच प्रवाह तोडणारा स्विच) असलेल्या जोडणीवरूनच घ्या. मीटरच्या खोलीतून उघडी वायर टाकून काम करू देऊ नका. भरलेल्या जागी 60-80 नंबरच्या दगडाने सुरुवात (नंबर जितका मोठा तितका दाणा बारीक), छिद्रं त्याच सिमेंटच्या लेपाने भरून दोन-तीन दिवस थांबा, मग 120, 220 आणि शेवटी 400. जुनी पायरी नुसती मंद झाली असेल तर थेट 220पासून सुरू करा, उगाच थर घालवू नका. आणि 400वर थांबा. पॉलिशवाला आरशासारखी चमक करून द्यायला तयार असतो, त्याला त्यात आनंदही असतो, पण पायरी म्हणजे दिवाणखाना नाही.

मोझॅकवर शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडची पावडर चोळायची जुनी पद्धत आहे. मोझॅकवर ती चालते, मात्र पावडर विषारी आहे. हातमोजे घाला, डबा मुलांपासून आणि जिन्यातल्या मांजरांपासून दूर ठेवा, आणि शेजारच्या लँडिंगवरच्या डिझाइनच्या लाद्या आधी प्लॅस्टिकने झाका. घासाईचा चिखल गटारात सोडू नका, तो पाइपात सिमेंट होऊन बसतो. बादलीत निवळू द्या, वरचं पाणी टाका, खालचा गाळ डेब्रिजच्या गोणीत.

हे सगळं जिना चालू ठेवून करायचं असतं. पायरीची रुंदी चार फूट असेल तर एका दिवशी अर्धी बाजू आणि तीही कठड्याची बाजू मोकळी राहील अशी. काम दहा ते पाच. मजल्या-मजल्यावर वेळापत्रक चिकटवा आणि ज्यांचं डायालिसिस, शाळा किंवा दवाखान्याची वेळ ठरलेली आहे त्यांच्याकडून आधीच विचारून घ्या. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना आम्ही दर संध्याकाळी सांगून यायचो की उद्या कुठली बाजू ओली असेल. त्यामुळे त्या शेवटपर्यंत आमच्या बाजूने राहिल्या.

तेल

सफाईनंतर डिझाइनची लादी निस्तेज, भुरकट दिसते. इथे लोक घाबरतात आणि चकचकीत कोटिंग मागतात. व्हार्निश, पीयू, इपॉक्सी यातलं काहीही नको. लादी खालून ओलावा सोडत असते. वरून झाकण घातलं की तो ओलावा कोटिंगखाली अडकतो, पांढरे फुगे येतात आणि पापुद्रे सुटतात.

दोन मार्ग चांगले. एक, आत मुरणारा आणि ओलावा बाहेर जाऊ देणारा सिलेन-सिलॉक्सेन सीलर. दिसण्यात तो काही बदल करत नाही. दुसरा, जुना मार्ग म्हणजे जवसाचं उकळलेलं तेल, ज्याला दुकानात बॉइल्ड लिनसीड म्हणतात. लादी कमीत कमी आठवडाभर सुकलेली हवी. तेलात तेवढंच मिनरल टर्पेंटाइन मिसळा, फडक्याने अगदी पातळ लावा, वीस मिनिटांनी वर राहिलेलं सगळं कोरड्या कापडाने पुसून घ्या. वर उरलेलं तेल चिकट होतं आणि जिन्यातली सगळी धूळ ओढून घेतं. दुसऱ्या दिवशी दुसरा हात. लादी भिजल्यासारखी गडद होते, तांबडा आणि हिरवा जिवंत होतो. फिक्या पांढऱ्या लाद्यांवर तेलाने किंचित पिवळेपणा येतो, म्हणून तिथे सीलर बरा. कुठल्याही मार्गाने जा, आधी कोपऱ्यातल्या एका लादीवर करून आठवडाभर बघा.

जवसाच्या तेलाचे फडके गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल हवेशी संयोग होताना उष्णता सोडतं, आणि बोळा केलेल्या फडक्यात ती साठून आपोआप आग लागू शकते. फडके पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा किंवा गच्चीत एकेक पसरून वाळवा, मग टाका. मीटरच्या खोलीत तर अजिबात नको.

नंतर

जिना झाडणाऱ्या मावशींना नवा नियम नीट समजावून सांगा, चिठ्ठी लावून भागत नाही. आधी झाडायचं, मग साध्या पाण्यात चार थेंब भांड्याचा सौम्य साबण, घट्ट पिळलेला फडका. फिनेल आणि ॲसिडच्या बाटल्या सोसायटीच्या खरेदीतूनच काढून टाका. कपाटात असल्या की कधीतरी वापरल्या जातात. प्रवेशाशी काथ्याचं मोठं पायपुसणं ठेवा, कारण लादीला झिजवतात ते चपलांना चिकटून येणारे वाळूचे कण. पाठीला रबर असलेलं पायपुसणं घरापुढे नको, त्याचा डाग लादीत उतरतो. रांगोळी म्हणजे दगडाचीच भुकटी, ती पायाने फिसकटू न देता दुसऱ्या दिवशी मऊ ब्रशने उचला. कुंड्यांखाली थाळ्या, पणत्यांखाली छोट्या बशा. फ्रिज किंवा कपाट हलवायचं असेल तर हमालांना सोसायटीचे प्लायवुडचे तक्ते द्या. आम्ही कामाचे तक्ते याचसाठी जपून ठेवले आहेत.

सोसायटीच्या दप्तरात एक फाइल करा. लँडिंगचे नकाशे, रंगांच्या टिकल्यांचा पुठ्ठा प्रमाणांसकट, वापरलेल्या चुन्याचं आणि सीलरचं नाव, मिस्त्रींचा नंबर. उरलेल्या अखंड लाद्या कागदात गुंडाळून, उभ्या ठेवून, मीटरच्या खोलीत फळीवर, आणि फळीवर पाटी: ‘टाकू नये, लँडिंगसाठी’. दर दिवाळीआधी नाणं घेऊन एक फेरी मारा. भद्द आवाज आला की ती एक लादी त्याच महिन्यात बसवून घ्या; वाट बघितली की तिच्या शेजारच्या दोन सुटतात.